सगळ्या वर्गाची एकच शीट

लंबकाचा प्रयोग हायस्कूलमध्ये बहुतेक सगळेच करतात. दोरीला गोळा बांधायचा, दहा दोलनांचा वेळ मोजायचा, दहाने भागून दोलनकाल काढायचा. प्रत्येक गटाची वही वेगळी. गुरुत्व त्वरण ९.८ च्या आसपास आलं की प्रयोग संपला. नाही आलं तर शेजारच्या वहीत डोकावायचं.

आता समजा, वर्गातल्या आठही गटांनी आपल्या नोंदी एकाच सामाईक स्प्रेडशीटमध्ये भरल्या. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग, प्रत्येक गटाचा रंग निराळा. हे बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेवर पडायला हवेत आणि लांबी मीटरमध्ये, वेळ सेकंदांत घेतला तर रेषेचा चढ सुमारे ४.०२ यायला हवा. सहा गटांचं तसंच येतं. सातव्याची रेषा सरळ आहे, पण चढ कमी, ३.२६ च्या आसपास; चढ जितका कमी तितकं गुरुत्व त्वरण जास्त, म्हणून ते १२.१ निघतं. आठव्याचा चढ बरोबर आहे, मात्र रेषा आरंभबिंदूच्या जराशी वरून जाते.

सातव्या गटाने गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटलेलं असतं. ‘दहा’ म्हणेपर्यंत नऊच दोलनं होतात. दोलनकाल १० टक्क्यांनी कमी भरतो, त्याचा वर्ग १९ टक्क्यांनी, आणि उत्तर फुगतं. आठव्याने नुसती दोरी मोजलेली असते, गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी नाही. दर वेळी तेवढीच त्रिज्या राहून जाते, म्हणून अख्खी रेषा वर सरकते. एकट्या वहीत दोन्ही रेषा सरळच दिसतात, त्यामुळे चूक कुठे झाली ते कळत नाही. इतरांच्या रेषा शेजारी आल्या की ‘आपलंच असं का?’ हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. माझ्या मते विज्ञानाचा तास खरा सुरू होतो तो इथे.

आकड्यांप्रमाणे विचारही असे सामाईक ठेवता येतात. १९८० च्या दशकात टोरांटोमध्ये शिक्षणाचे अभ्यासक मार्लीन स्कार्डामालिया आणि कार्ल बेरायटर यांनी त्यासाठी ‘सीसाइल’ ही संगणक प्रणाली उभी केली. पुढे तिचंच ‘नॉलेज फोरम’ झालं. त्यात मुलं आपली टिपणं सगळ्यांना दिसतील अशी ठेवतात आणि एकमेकांच्या टिपणांना जोडत जातात. टिपणाची सुरुवात करायला ‘माझा सिद्धांत’, ‘मला समजून घ्यायचंय’, ‘नवी माहिती’ असे तयार शब्द मिळतात. साधी सोय आहे, पण त्यामुळे आपण अंदाज मांडतोय की पुरावा देतोय, हे लिहिणाऱ्याला आधी ठरवावं लागतं.

अर्थात फाइल सामाईक केली म्हणजे काम वाटून झालं, असं नाही. एक जण टाइप करतो, बाकीचे बघत बसतात, हे नेहमीचंच. कोणी काय लिहिलं याचा इतिहास सॉफ्टवेअर ठेवतं, पण त्यावरून गुण देऊ नयेत. स्टॉपवॉच धरणाऱ्या मुलीचं नाव त्या इतिहासात कुठेच येत नाही.

एक पथ्य मात्र शिक्षकांनी जरूर पाळावं. सगळ्यांच्या नोंदी भरून होईपर्यंत इतरांचे आकडे झाकून ठेवावेत. बोटाने स्टॉपवॉच दाबताना सेकंदाच्या एक-दोन दशांशांचा फरक पडणारच. शेजाऱ्याचा आकडा आधी दिसला, तर मुलं आपला त्याच्याशी जुळवून घेतात, आणि आलेखावर दिसायला हवा तो खरा विखुरलेपणा शीटमध्ये येतच नाही.