कोशाला मागचं दार: अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधण्याची पार्श्वभूमी

इंग्रजी शब्दकोशाला एकच प्रश्न नीट कळतो: अमुक अक्षराने सुरू होणारा शब्द कुठे आहे? अमुक अक्षरं पोटात असलेला शब्द विचारला की तोच कोश मुका होतो. आज अक्षरं टाइप केली की क्षणात यादी समोर येते. त्याआधीची चार शतकं मात्र कोश पुन्हा पुन्हा वेगळ्या क्रमाने लावण्यातच गेली.

मुळात वर्णानुक्रमही वाचकांच्या अंगवळणी पडलेला नव्हता. रॉबर्ट कॉड्री यांचा १६०४ चा, जेमतेम अडीच हजार शब्दांचा कोश हा पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश मानला जातो. अक्षरांचा क्रम आधी पाठ करा, ‘ए’ने सुरू होणारा शब्द पुस्तकाच्या सुरुवातीला पाहा, ‘व्ही’चा शेवटाकडे, असं त्यांना वाचकांना समजावून सांगावं लागलं. गंमत अशी की उलटी मांडणी त्याहून जुनी आहे. पीटर लेव्हिन्स यांनी १५७० मध्येच इंग्रजी शब्द त्यांच्या शेवटावरून लावून दाखवले होते. पुढे १७७५ मध्ये जॉन वॉकर यांनी तोच मार्ग धरला: शब्द शेवटच्या अक्षराकडून वाचायचा आणि मग वर्णानुक्रम लावायचा. यमक शोधणाऱ्या कवींची चांगलीच सोय झाली.

या पद्धतीचा कळस गाठला तो अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर या कोशसंस्थेने. विसाव्या शतकात तिथे सुमारे ३ लाख १५ हजार शब्द एकेका कार्डावर चक्क उलटे टाइप करून ठेवले गेले. एखादा प्रत्यय लागलेले सगळे शब्द एका जागी मिळावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. १९७५ मध्ये अमेरिकेत एका कोड्याने धुमाकूळ घातला: ‘जी-आर-वाय’ने संपणारे तीन शब्द सांगा; ‘अँग्री’ आणि ‘हंग्री’ झाले, तिसरा कोणता? वापरातला तिसरा शब्द नाहीच. पण लोक ग्रंथालयांना आणि कोशकारांना विचारून हैराण करत राहिले. असा प्रश्न आला तर उलट्या कार्डांच्या एका खणात हात घातला की भागत होतं.

पण अक्षरं मधोमध असली तर? एच आणि त्याला लागून क्यू असलेला शब्द हवा आहे, समजा. ‘अर्थक्वेक’च्या स्पेलिंगमध्ये ही जोडी आहे, पण सरळ कोश ती सांगत नाही आणि उलटाही नाही. कागदावर यावर इलाज एकच: पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत डोळे फोडायचे.

दरम्यान अशी गरज असलेल्यांची संख्या वाढत चालली होती. २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं न्यू यॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रात छापून आलं आणि तिसरं अक्षर ठाऊक, सहावं ठाऊक, बाकी कोरं, अशा अवस्थेत माणसं कोश चाळू लागली. १९३० च्या दशकात आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून एक खेळ रचला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी त्याला स्क्रॅबल हे नाव दिलं. ई च्या १२ सोंगट्या, एस च्या मात्र चारच, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटला असता. स्क्रॅबलने प्रश्नच बदलला. इथे अक्षरांना ठरलेली जागाच नाही. हातात सात सोंगट्या असतात आणि क्रम तुम्ही लावायचा.

इथे जी युक्ती कामी आली ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते. शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमाने लावायची. ‘लिसन’चं होतं ई-आय-एल-एन-एस-टी. ‘सायलेंट’चंही तेच, ‘टिन्सेल’चंही तेच. ही झाली शब्दाची खूण. सगळा कोश या खुणांनुसार पुन्हा लावला की सारख्याच अक्षरांचे शब्द आपोआप शेजारी येतात. सात सोंगट्यांतून काही वापरून, काही वगळून जास्तीत जास्त १२७ गट पडतात; तेवढ्या खुणा पाहिल्या की काम झालं. माणसाला हे कंटाळवाणं, यंत्राला किरकोळ.

यंत्राने मग मांडणीचीच गरज कमी केली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन यांचा ‘ग्रेप’ हा छोटा प्रोग्राम युनिक्स या संगणक प्रणालीत आला. त्याला नमुना द्यायचा, तो फाइलीतली ओळ न् ओळ तपासतो. कॉपीराइट संपलेल्या १९३४ च्या वेबस्टर कोशातले २,३४,९३६ शब्द अशाच एका फाइलीत उतरले आणि अनेक युनिक्स संगणकांवर पोचले. एच-क्यूचा प्रश्न आता एका ओळीच्या आज्ञेचा झाला. अक्षरं कुठेही विखुरलेली असली तरी चालतं: प्रत्येक शब्दासाठी २६ घरांची, म्हणजे दर अक्षराला एक ‘आहे-नाही’ अशी, एक पट्टी ठेवायची, हवी ती अक्षरं तिच्यात आहेत का एवढंच पाहायचं. १९८८ मध्ये अँड्र्यू अॅपल आणि गाय जेकबसन यांनी स्क्रॅबल खेळणाऱ्या प्रोग्रामसाठी सारख्या शेवटांचे शब्द एकमेकांत गुंफले, आणि सुमारे ९४ हजार शब्दांचं जाळं १ लाख १७ हजार गाठींवरून २० हजारांच्या आत आणलं.

शोध असा सोपा झाल्यावर भांडण उरलं ते यादीचं. स्पर्धात्मक स्क्रॅबलची कॉलिन्स या ब्रिटिश कोशसंस्थेची यादी सुमारे २ लाख ८० हजार शब्दांची, उत्तर अमेरिकेतली २ लाखांच्या आतली. ओ आणि के ही दोनच अक्षरं घ्या. कॉलिन्सवर खेळणाऱ्याला ‘को’ मिळतो, म्हणजे माओरी लोकांचं खणायचं अवजार. अमेरिकेतल्या खेळाडूला मात्र २०१८ पर्यंत या दोन अक्षरांतून काहीच मिळत नव्हतं. त्या वर्षी ‘ओके’ तिथल्या यादीत शिरला, आणि कॉलिन्सने तो पुढच्या वर्षी घेतला.