बॉस्टन ब्रेव्ह्ज, १९१४ : मध्यहंगामातील कामगिरी

अमेरिकेच्या नॅशनल लीगमधील बॉस्टन ब्रेव्ह्ज या व्यावसायिक बेसबॉल संघाची १९१४ च्या हंगामाच्या मध्यावरील स्थिती व तिच्याशी निगडित आकडेवारी. ४ जुलै १९१४ रोजी हा संघ आठ संघांच्या गुणतक्त्यात तळाला होता व अग्रस्थानावरील न्यूयॉर्क जायंट्सच्या १५ सामने मागे पडला होता. हंगामाअखेर त्याच संघाने १०.५ सामन्यांच्या आघाडीने लीगचे अजिंक्यपद मिळविले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन प्रमुख लीगांच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत) फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा सलग चार सामन्यांत पराभव केला. ‘मिरॅकल ब्रेव्ह्ज’ हे नाव त्यामुळेच रूढ झाले. या हंगामाविषयीच्या लोकप्रिय लेखनात ४ जुलैच्या तक्त्याला जे महत्त्व दिले जाते, ते कितपत योग्य आहे याबाबत मात्र मतभेद आहेत.

बॉस्टनचा हा संघ १८७१ पासून अस्तित्वात असून १८७६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल लीगचा तो आद्य सदस्य. एकोणिसाव्या शतकात त्याने अनेक अजिंक्यपदे मिळविली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची रया गेली. ब्रेव्ह्ज हे नाव जेम्स गॅफनी यांच्या मालकीच्या काळात, १९१२ पासून आले. त्या वर्षी संघाने ५२ सामने जिंकले व १०१ गमावले. १९१३ मध्ये जॉर्ज स्टॉलिंग्ज व्यवस्थापक झाले आणि संघ ६९ विजय, ८२ पराभव अशा नोंदीसह पाचव्या स्थानी आला. १९१४ चा संघ अगदीच टाकाऊ होता, अशी जी समजूत आहे तिला या आकड्यांनीच छेद जातो. शिवाय १९१४ च्या आरंभी शिकागो कब्जकडून जॉनी एव्हर्स हा अनुभवी सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) संघात दाखल झाला होता व कर्णधारपद त्याच्याकडे होते. त्याच्या जोडीला शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील) जागी ‘रॅबिट’ मॅरनव्हिल हा बुटका, चपळ खेळाडू होता. क्षेत्ररक्षणाचा कणा असा आधीच तयार होता.

मध्यहंगाम म्हणून नेमका कोणता दिवस धरायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हल्ली ऑल-स्टार सामन्याची (निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनीय लढतीची) सुट्टी ही हंगामाची विभागणी मानतात. पण हा सामना १९३३ मध्ये शिकागोत प्रथम खेळला गेला. त्यापूर्वी ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, हाच मापदंड होता. सुट्टीच्या या दिवशी बहुतेक संघ लागोपाठ दोन सामने खेळत आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत तक्ता ठळकपणे छापला जाई. ४ जुलै रोजी अव्वल असणारा संघच अजिंक्यपद जिंकतो, असा संकेतही त्यामुळे प्रचलित झाला. गणिताच्या दृष्टीने हा मध्य नव्हे. १९१४ मध्ये प्रत्येक संघाचा हंगाम १५४ सामन्यांचा होता. त्याचा मध्य ७७ व्या सामन्यापाशी येतो. ब्रेव्ह्जनी ४ जुलैपर्यंत ६६ निर्णायक सामने पूर्ण केले होते (बरोबरीत सुटलेले सामने टक्केवारीत धरत नाहीत, प्रकाशझोत नसल्याने अंधारामुळे असे सामने त्या काळी वारंवार होत). म्हणजे हंगाम सुमारे ४३ टक्के झाला होता. काटेकोर मध्य जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो, आणि तेव्हाही ब्रेव्ह्ज तळालाच किंवा तळाच्या अगदी लगत होते. ४ जुलैचा आग्रह सोडला तरी मूळ कथानकाला त्यामुळे धक्का बसत नाही. किंबहुना ते थोडे अधिकच धारदार होते.

त्या दिवशी ब्रुकलिनविरुद्धचे दोन्ही सामने गमावल्यावर ब्रेव्ह्जची नोंद २६ विजय, ४० पराभव (विजयांचे प्रमाण ०.३९४) अशी झाली. जायंट्सची नोंद ४० विजय, २४ पराभव होती. दोन संघांमधील अंतर काढताना विजयांतील फरक व पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिला दोनाने भागतात. येथे विजयांतील फरक १४ व पराभवांतील १६, म्हणून अंतर १५ सामने. हा आकडा सर्वत्र उद्धृत केला जातो. त्यापेक्षा बोलका आकडा मात्र क्वचितच पुढे येतो. ब्रेव्ह्जनी हंगामाची सुरुवात ४ विजय व १८ पराभवांनी केली होती. तेवढे पहिले २२ सामने वजा केले, तर ४ जुलैपर्यंतच्या उरलेल्या ४४ सामन्यांत त्यांची नोंद २२–२२ अशी बरोबरीची भरते. सुरुवातीच्या घसरणीनंतर हा संघ सहा-सात आठवडे मध्यम दर्जाच्या संघासारखाच खेळत होता. तक्ता मात्र वसंतातले कर्ज शेवटपर्यंत मिरवीत राहिला. ‘जुलैत अचानक कायापालट झाला’ असे म्हणण्यापेक्षा ‘मेअखेरपासून सावरलेला संघ जुलैत भरारी घेऊ लागला’ असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

तक्त्याच्या खालच्या भागात संघ एकमेकांना किती चिकटून होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. १९ जुलै रोजी सिनसिनाटीविरुद्धच्या विजयांनंतर ब्रेव्ह्जनी तळ सोडला आणि त्यानंतर दोनच दिवसांत ते चौथ्या स्थानावर पोहोचले, असे सामान्यतः नमूद केले जाते. दोन दिवसांत चार पायऱ्या चढणे शक्य झाले, कारण चौथ्या व आठव्या स्थानातील अंतर मुळातच थोडे होते. ‘शेवटचे स्थान’ या शब्दप्रयोगातून जी दुरवस्था सूचित होते, ती प्रत्यक्षात अग्रस्थानाच्या तुलनेतच होती.

याच सुमारास बफलोच्या कनिष्ठ श्रेणीतील संघाविरुद्ध झालेल्या प्रदर्शनीय सामन्यात ब्रेव्ह्ज मोठ्या फरकाने हरले आणि त्या नामुष्कीने संघ पेटून उठला, अशी एक आख्यायिका आहे. काही कथनांत प्रतिस्पर्धी म्हणून चक्क साबणाच्या कारखान्याचा संघ येतो. सामना झाला हे बहुतेकांना मान्य आहे. त्याचा परिणाम म्हणून जे सांगितले जाते ते खेळाडूंच्या उत्तरकालीन आठवणींवर बेतलेले असल्याने जपूनच स्वीकारले पाहिजे.

उत्तरार्धाची आकडेवारी निर्विवाद आहे. ६ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात ४१ विजय व १२ पराभव. ७ व ८ सप्टेंबरला जायंट्सविरुद्ध तीनपैकी दोन विजय. त्यानंतर अखेरपर्यंत २५ विजय व ६ पराभव. एकूण ६८–१९, म्हणजे ०.७८२. त्याच अवधीत जायंट्स ४४–४६ असे खेळले. १५ सामन्यांची पिछाडी १०.५ सामन्यांच्या आघाडीत बदलली. ही उलथापालथ २५.५ सामन्यांची होते. तिच्यातील मोठा वाटा ब्रेव्ह्जच्या विजयांचा असला, तरी जायंट्स नुसते साठ टक्क्यांच्या चालीने खेळत राहिले असते, तर शर्यत शेवटच्या आठवड्यापर्यंत रंगली असती. प्रतिस्पर्ध्याची ही पडझड चमत्काराच्या वर्णनांत बहुधा झाकली जाते.

अमेरिकेतील कामगार दिनी, ७ सप्टेंबर रोजी, सकाळी व दुपारी असे दोन सामने झाले. ब्रेव्ह्जचे स्वतःचे साउथ एंड ग्राउंड्स हे मैदान लहान असल्याने बॉस्टनच्याच रेड सॉक्स संघाने आपले फेनवे पार्क ऑगस्टपासून त्यांना वापरू दिले होते. दोन्ही सामन्यांना मिळून सुमारे ७४,००० प्रेक्षक आले. सकाळचा सामना ब्रेव्ह्जनी ५–४ असा जिंकला, दुपारचा जायंट्सनी १०–१ असा. दुसऱ्या दिवशी ८–३ अशा विजयाने ब्रेव्ह्ज पुढे गेले ते गेलेच. ९ सप्टेंबरला जॉर्ज डेव्हिस या हार्वर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या पिचरने (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने) फिलाडेल्फिया फिलीजला एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) न देता सामना जिंकून दिला.

यशाची कारणे सांगताना पिचिंगला अग्रक्रम दिला जातो. डिक रूडॉल्फ (२६ विजय, १० पराभव), बिल जेम्स (२६–७) आणि डावखुरा जॉर्ज टायलर (१६–१३) या तिघांनी मिळून ९४० डावांत पिचिंग केले. ही संघाच्या एकूण डावांच्या जवळजवळ दोन-तृतीयांश मजल आहे. जेम्सची दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी १.९० होती (क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून; ही सरासरी नॅशनल लीगने अधिकृतपणे १९१२ पासूनच ठेवण्यास सुरुवात केली होती). एवढा भार त्याच्या हाताला पेलला नाही. १९१५ मध्ये तो अवघे पाच सामने जिंकू शकला आणि त्याची कारकीर्द तेथेच जवळपास संपली.

फलंदाजी सामान्य होती. संघाची सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे हिटचे प्रमाण) ०.२५१, नियमित खेळाडूंपैकी ०.३०० ची रेषा ओलांडणारा एकटा लेफ्ट फील्डर (आउटफील्डच्या डाव्या बाजूचा खेळाडू) जो कॉनली (०.३०६). असे असूनही संघाने ६५७ धावा केल्या व ५४८ दिल्या. केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांवरून अपेक्षित विजय काढण्याचे जे सूत्र पुढे प्रचारात आले, त्याप्रमाणे १५३ निर्णायक सामन्यांत सुमारे ९० विजय अपेक्षित होते. प्रत्यक्षात ९४ झाले. नशिबाची साथ होती, पण चार सामन्यांपुरती.

आउटफील्डमधील (मैदानाच्या बाह्य भागातील तीन जागांवरील) अदलाबदलीची पद्धत हा या हंगामातील सर्वाधिक चर्चिलेला तांत्रिक विषय होय. जूनअखेरीस पिचर हब पर्ड्यू याला सेंट लुईसला देऊन स्टॉलिंग्ज यांनी पॉसम व्हिटेड व टेड कॅदर यांना आणले. पुढे जोश डेव्होर व हर्बी मोरन आले, तसेच ऑगस्टमध्ये ब्रुकलिनकडून थर्ड बेसमन रेड स्मिथ. एवढे खेळाडू हाताशी असल्याने प्रतिस्पर्धी पिचर उजवा असल्यास डावखुरे फलंदाज व पिचर डावखुरा असल्यास उजवे फलंदाज उतरविण्याचा प्रघात त्यांनी पाडला. विरुद्ध हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू फलंदाजाकडे आत येतो व लवकर दिसतो, हे त्यामागील तत्त्व. कॉनलीसारखा संघातील सर्वोत्तम फलंदाजदेखील डावखुऱ्या पिचरसमोर बहुधा बाहेर बसे. सलग तिन्ही जागांवर, हंगामभर आणि अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघाने केलेला असा प्रयोग त्यापूर्वी आढळत नाही.

या पद्धतीचे जनकत्व स्टॉलिंग्ज यांना द्यावे की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एकोणिसाव्या शतकातील तुरळक उदाहरणे पुढे केली जातात. १९०६ मध्ये डेट्रॉइटच्या बिल आर्मर यांनी कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या) जागेपुरती अशी आलटापालट केली होती, असाही दाखला आहे. बेसबॉलच्या आकडेशास्त्राचे अभ्यासक बिल जेम्स (संघातील पिचरचा हा केवळ नामबंधू) यांच्या मांडणीत १९१४ च्या ब्रेव्ह्जना कलाटणीचे स्थान आहे; त्यांच्या यशानंतरच ही पद्धत इतर व्यवस्थापकांनी उचलली. जनकत्वाचा वाद बाजूला ठेवून प्रसाराचे श्रेय स्टॉलिंग्जना देणारे हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९२० च्या दशकात हा प्रघात बराच फैलावला, नंतर मागे पडला व दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा जोरात आला.

वर्ल्ड सिरीजचा वृत्तान्त थोडक्यात असा : १९१०, १९११ व १९१३ चे विजेते ॲथलेटिक्स ७–१, १–०, ५–४ (१२ डाव) व ३–१ असे हरले. त्यांची फलंदाजीची सरासरी अवघी ०.१७२ होती. रूडॉल्फ व जेम्स यांना दोन-दोन विजय मिळाले. कॅचर हँक गाउडी याची सरासरी ०.५४५ होती. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा चाल्मर्स पुरस्कार एव्हर्सला मिळाला.

१९१४ ची म्हणून आज छापली जाणारी सर्वच आकडेवारी तत्कालीन नाही. फलंदाजाने घडवून आणलेल्या धावांची नोंद अधिकृतपणे १९२० पासून सुरू झाली, त्यामुळे मॅरनव्हिलच्या नावावरील अशा ७८ धावा जुन्या धावपत्रकांवरून मागाहून काढलेल्या आहेत. एखाद्या विजयाचे श्रेय कोणत्या पिचरला द्यायचे याचे नियमही तेव्हा सैल होते. साहजिकच जुन्या व नव्या कोशांत त्या काळच्या पिचरच्या आकड्यांत किरकोळ तफावत आढळते.

ब्रेव्ह्ज १९१५ मध्ये दुसरे व १९१६ मध्ये तिसरे आले. १८ ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे नवे, प्रशस्त ब्रेव्ह्ज फील्ड सुरू झाले. स्टॉलिंग्ज १९२० नंतर संघात राहिले नाहीत. पुढचे लीग अजिंक्यपद थेट १९४८ मध्ये मिळाले. १९५३ मध्ये संघ मिलवॉकीला व १९६६ मध्ये अटलांटाला हलला.

मध्यहंगामातील पिछाडी भरून काढणाऱ्या इतर संघांशी १९१४ च्या ब्रेव्ह्जची तुलना केली जाते. १९७८ मध्ये न्यूयॉर्क यांकीज जुलैत १४ सामने मागे होते, २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सची सुरुवात १९–३१ अशी झाली होती. दोघेही वर्ल्ड सिरीज विजेते ठरले, पण त्या-त्या वेळी ते आपल्या गटात तळाला नव्हते. जवळचे साम्य याच संघाच्या अटलांटा अवतारात सापडते. २०२१ मध्ये ऑल-स्टार सुट्टीपर्यंत त्याची नोंद ४४–४५ होती व रोनाल्ड अकुन्या धाकटा हा प्रमुख आउटफील्डर नुकताच जायबंदी झाला होता. जुलैत जॉक पीडरसन, ॲडम डुव्हॉल, एडी रोसारिओ व होर्हे सोलेर असे चार आउटफील्डर बाहेरून आणून संघाने ८८–७३ अशी मजल मारली आणि ह्यूस्टन ॲस्ट्रोजला ४–२ असे हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली.