बाटलीवर नुसतं 'अ‍ॅसिड' लिहून भागत नाही

मागे एका मित्राच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये गेलो होतो, तिथे पाण्याच्या जुन्या बाटलीत काहीतरी पाण्यासारखंच भरलेलं आणि वर मार्करने लिहिलेलं, 'अ‍ॅसिड'. म्हटलं कुठलं? तर म्हणे पिकलिंगचं, स्टीलवरचे वेल्डिंगचे डाग काढायचं. आता पिकलिंगच्या मालात नायट्रिकसोबत बहुतेकदा हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड म्हणजे एचएफ असतं, आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

शाळेत आपण शिकलो एचसीएल म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तीव्र आम्ल, एचएफ सौम्य. मग सौम्य म्हणजे कमी धोक्याचं ना? उलट! एचसीएलचे पाण्यात पूर्ण आयन म्हणजे विद्युत भार असलेले कण होतात, ते कातडीवर लगेच जळजळतं आणि माणूस नळाकडे पळतो. एचएफचे बरेचसे रेणू न फुटता तसेच राहतात, त्यांच्यावर असा विद्युत भार नसतो, त्यामुळे ते कातडीच्या स्निग्ध थरातून गुपचूप आत घुसतात आणि आत जाऊन फुटतात. सुटलेला फ्लुओराइड आयन कॅल्शियमला धरतो, कॅल्शियम फ्लुओराइड बनतं, ते विरघळत नाही, म्हणजे तेवढं कॅल्शियम शरीराच्या हिशोबातून गेलंच. जास्त प्रमाणात झालं तर रक्तातलं कॅल्शियम इतकं उतरतं की हृदयाचे ठोके बिघडतात. आणि द्रावणात एचएफ २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर दुखायला कधीकधी २४ तासही लागतात, तोवर माणूस घरी जाऊन जेवून झोपलेला असतो.

यावर हळद, टूथपेस्ट काही चालत नाही, भरपूर पाणी आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं, तेही लगेच, आणि मग सरळ हॉस्पिटल. पण डॉक्टरला नुसतं 'अ‍ॅसिड सांडलं' सांगितलं तर तो कशाला कॅल्शियमचा विचार करेल?

म्हणून लेबल. रसायनांचा धोका लेबलवर दाखवायची जीएचएस नावाची संयुक्त राष्ट्रांची पद्धत २००३ पासून आहे, लाल कडेच्या चौकटीतली नऊ चित्रं. एचसीएलच्या बाटलीवर हात जळतानाचं चित्र असतं, एचएफवर त्याच्या जोडीला कवटी. टँकरवरचा रसायन ओळखायचा यूएन नंबर तर अजून गंमत, एचसीएल १७८९, एचएफ १७९०, एका आकड्याचा फरक!

कंपनीच्या कॅनवर हे सगळं छापलेलं असतंच, घोळ होतो तो छोट्या बाटलीत ओतताना, माल येतो पण लेबल मागे राहतं. मित्राच्या दारावरची लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी न चुकता बदलते. त्याला म्हटलं नाव, टक्केवारी, चित्रं, ओतल्याची तारीख एवढं कागदावर लिही आणि वर पारदर्शक टेप मार, नाहीतर शाई अ‍ॅसिडनेच उडेल. आणि पाण्याची बाटली आधी फेकून दे.