फॉर्मल नाइट (क्रूझ जहाजांवरील)

क्रूझच्या सफरीतल्या ठरावीक रात्री प्रवाशांनी ठेवणीतले कपडे घालून जेवायला आणि नंतरच्या कार्यक्रमांना जाण्याची प्रथा. कुनार्ड कंपनीच्या जहाजांवर तिला गाला इव्हनिंग म्हणतात, कार्निव्हलवर क्रूझ एलिगंट, सेलिब्रिटीवर इव्हनिंग शीक. नावाप्रमाणे कडकपणाही बदलतो, त्यामुळे तिकीट काढताना कंपनीचा पोशाखाचा नियम वाचलेला बरा. एका कंपनीवर चालून गेलेला पोशाख दुसरीच्या दारात अडतो.

हा नियम अख्ख्या जहाजाला नसतो. तो वेळेपुरता आणि जागेपुरता असतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो सुरू होतो आणि मुख्य डायनिंग रूम, बॉलरूम, नाट्यगृह व त्यांच्या लगतचे बार एवढ्यांना लागतो. बफेला आणि केबिनमध्ये मागवलेल्या जेवणाला तो लागत नाही. 'क्वीन मेरी २' या जहाजावर गालाच्या रात्रीही किंग्ज कोर्ट हा बफे आणि गोल्डन लायन हा पब साध्या कपड्यांना मोकळा असतो. तेव्हा टाय नाही म्हणून कोणी उपाशी राहत नाही. गडबड होते ती जेवणानंतर. माणूस बफेला जेवतो आणि तशाच टी-शर्टवर बॉलरूमचा वाद्यवृंद ऐकायला जातो. तिथे कुणी काही बोलले नाही, तरी काळ्या कोटांच्या गर्दीत तो एकटाच उठून दिसतो.

उगम

प्रवासी बोटींच्या काळात पहिल्या वर्गाचे प्रवासी जवळजवळ रोजच रात्री कपडे बदलून जेवायला येत. खालच्या वर्गांचे दिवाणखाने आणि डेक वेगळे, त्यांना हा नियम नव्हता. पहिल्या वर्गातही दोन रात्री या नियमातून सवलत असे, निघाल्याची पहिली आणि पोचण्याआधीची शेवटची. कारण साधे होते. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. सामानावर तेव्हा 'केबिन', 'वाँटेड ऑन व्हॉयेज' आणि 'नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज' अशी लेबले डकवत. शेवटचे लेबल लागलेली ट्रंक तळाच्या कोठारात जाई आणि मुक्कामाला पोचल्यावरच हाती येई. संध्याकाळच्या कोटाच्या ट्रंकेवर चुकून ते लागले, तर अख्खा प्रवास अवघड जाई.

या प्रथेचे मुंबईशी जुने नाते आहे. पी अँड ओ कंपनीच्या टपालबोटी मुंबईहून एडन, सुएझमार्गे इंग्लंडला जात. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात, वातानुकूलन नसताना, काळ्या लोकरी कोटात जेवणे म्हणजे शिक्षाच होती. त्यातून 'रेड सी रिग' निघाली: कोट काढून ठेवायचा, पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला कमरबंद. हा कमरबंद मुळात फारसी शब्द. हिंदुस्थानात नेमणुकीवर असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात गरम होणाऱ्या वेस्टकोटाऐवजी तो बांधायला सुरुवात केली आणि 'कमरबंड' होऊन तो जगभरच्या टक्सिडोंना, म्हणजे संध्याकाळच्या औपचारिक सुटांना, चिकटला. उष्ण प्रदेशात पांढरा डिनर जॅकेट चालतो, ही सवलतही त्याच उकाड्याची देणगी आहे. याच बोटींना 'पॉश' हा शब्दही चिकटवला जातो. इंग्लंडहून हिंदुस्थानाकडे जाताना डावीकडची आणि परत येताना उजवीकडची केबिन सावलीत येई, म्हणून 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का श्रीमंतांच्या तिकिटावर मारत, अशी ती कथा. तसा शिक्का असलेले तिकीट कुणाला सापडलेले नाही. कथा मात्र क्रूझवरच्या प्रत्येक व्याख्यानात सापडते.

पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात वाढणारे, टेबले मांडणारे कर्मचारी बऱ्याच अंशी गोव्याचे होते. गोव्यात या दर्यावर्दी नोकरदारांना तारवटी म्हणतात. बोटींच्या दोन फेऱ्यांमध्ये ते मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गावोगावच्या 'कुडां'मध्ये, म्हणजे एकेका गावाच्या लोकांसाठीच्या सामाईक वसतिगृहांत, उतरत.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा अनुभव मोहनदास गांधींनी लिहून ठेवला आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून 'क्लाइड' बोटीने निघाले. काट्या-चमच्याने खायची सवय नव्हती आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचे धाडस नव्हते, म्हणून ते टेबलावर जेवायला गेलेच नाहीत, केबिनमध्येच खात राहिले. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरण्यासाठी जपून ठेवला. सप्टेंबरअखेर इंग्लंडच्या धक्क्यावर पाहतात, तर तसे कपडे घातलेले ते एकटेच.

कोणत्या रात्री

सात रात्रींच्या सफरीत साधारणपणे दोन फॉर्मल नाइट असतात, तीन-चार रात्रींच्या सफरीत एक. त्या सहसा समुद्रातल्या दिवशी ठेवतात, म्हणजे जहाज बंदराला लागलेले नसते आणि लोकांना तयारीला दुपार मिळते. पहिली बहुधा सफरीच्या दुसऱ्या संध्याकाळी येते. पहिली आणि शेवटची रात्र आजही मोकळी सोडतात. कारण ट्रंकांच्या काळातलेच आहे: पहिल्या दिवशी बॅगा केबिनच्या दारात यायला कधी कधी रात्रीचे आठ-नऊ वाजतात. नक्की तारखा केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा कंपनीच्या ॲपवर मिळतात. कुनार्डवर गालाला काळा-पांढरा, मुखवटे असे विषयही देतात. ते हौसेचे असतात, सक्तीचे नसतात.

पुरुषांचा पोशाख

पूर्ण पोशाख म्हणजे काळा किंवा गडद निळा डिनर जॅकेट (टक्सिडो), बाजूने सॅटिनची पट्टी असलेली पँट, पांढरा शर्ट, काळा बो टाय, काळे बंद बूट. गडद रंगाचा सूट आणि टाय जवळजवळ सगळीकडे चालतो. दोन सफरींसाठी टक्सिडो शिवून घेण्यात अर्थ नाही. लग्नाचे सूट भाड्याने देणाऱ्या दुकानांत तो मिळतो, पण भाडे दिवसांवर असल्याने दहा-बारा दिवसांच्या सफरीला हिशेब करून पाहावा.

बारकावे असे. कमरबंद किंवा वेस्टकोट यांपैकी एकच घालायचा. कमरबंदाच्या चुण्या वरच्या बाजूला उघड्या राहतील असा तो बांधायचा. पुष्कळ जण उलटा बांधतात. टक्सिडोच्या पँटला पट्टा लावत नाहीत, सैल असेल तर आतून गॅलिस. शर्टाला कफलिंक लागत असतील तर त्या बॅगेत आहेत का, हे घरीच पाहावे, कारण कफलिंकशिवाय तसा शर्ट घालताच येत नाही. नव्या कोटाच्या मागच्या कटाला शिंपी फुलीसारखा टाका घालतो आणि खिसेही शिवून ठेवतो. तो टाका उसवायचा असतो. न उसवता फिरणारे दोघे-चौघे दर फॉर्मल नाइटला दिसतात.

भारतीय पोशाख

राष्ट्रीय औपचारिक पोशाख आणि लष्करी गणवेश कुनार्डसारख्या कडक कंपन्यांनाही मान्य असतो. स्कॉटिश पुरुष किल्ट घालून येतात, तसा बंदगळा किंवा शेरवानी पूर्णपणे नियमात बसते आणि टायचा प्रश्नच मिटतो. नुसता सुती कुर्ता-पायजमा मात्र टाळावा. पायजमा हा इंग्रजांनी आपल्याकडून नेलेला शब्द असला तरी त्यांच्या लेखी तो झोपण्याचा पोशाख आहे. वर जॅकेट असले की निभावते. पायात कोल्हापुरी नको, कारण पुरुषांची उघडी पादत्राणे दारात अडवली जाण्याची शक्यता असते. बंद मोजडी किंवा काळे बूट घालावेत.

स्त्रियांकडून पायघोळ गाउन किंवा कॉकटेल ड्रेस अपेक्षित असतो. साडी असेल तर वेगळा विचार करावा लागत नाही. मात्र जहाजावरची साडी आणि मंगल कार्यालयातली साडी यांत फरक आहे. जमीन हलते, जिने अरुंद असतात, बाहेरच्या डेकच्या दारांना उंच उंबरठे असतात आणि दार उघडताच वारा अंगावर येतो. म्हणून जी पादत्राणे घालायची ती आधी पायात घालून मगच साडी नेसावी, म्हणजे उंची नेमकी बसते. निऱ्यांना आतून मोठी सेफ्टी पिन लावावी, पदर खांद्यावर पक्का करावा. टाच टोकदार असू नये. ती डेकच्या लाकडी फळ्यांच्या फटीत रुतते आणि जहाज डोलू लागले की घोटा मुरगळतो. रुंद टाचेचे सॅंडल सर्वांत सोयीचे. परकर विसरणे ही नेहमीची चूक, आणि जहाजावरच्या दुकानात गाउन मिळेल, परकर मिळणार नाही.

इस्त्री

आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री आणि हातातला स्टीमर दोन्ही बंदी असलेल्या वस्तू आहेत. बॅग तपासणीत सापडल्या तर काढून घेतात आणि उतरताना परत देतात. काही जहाजांवर प्रवाशांनी स्वतः वापरायची लाँड्री असते. 'क्वीन मेरी २'वर ती फुकट आहे आणि तिथे इस्त्रीचे टेबल मिळते. पण फॉर्मल नाइटच्या दुपारी चारनंतर तिथे रांग लागते, म्हणून सकाळीच उरकून घ्यावे. इतर जहाजांवर केबिन अटेंडंटकडे कपडे देऊन इस्त्री करून घेता येते. त्याला पैसे पडतात आणि तातडीला जास्त.

सूट किंवा गाउन न्हाणीघरात टांगून गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटे चालू ठेवला तर वाफेने बऱ्याच सुरकुत्या जातात. पैठणीला हा उपाय करू नये. वाफेने रेशमावर पाण्याचे डाग उमटतात आणि दमटपणात जरतार काळवंडते. ती मऊ सुती कापडात गुंडाळून, घडीऐवजी वळकटी करून न्यावी आणि पोचल्याबरोबर टांगावी. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे दोन हुक नेले तर छोट्या कपाटाचा ताण कमी होतो.

जेवणाचे टेबल

ठरलेल्या वेळेची पद्धत असेल तर पहिली बैठक सहाच्या आसपास आणि दुसरी आठ-साडेआठला असते. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर करू नये, कारण एका टेबलाचे पदार्थ एकदमच स्वयंपाकघरातून निघतात आणि एकाच्या उशिराने सगळे थांबतात. फॉर्मल नाइटचे जेवण दीड-दोन तास चालते. बसल्यावर नॅपकिन मांडीवर, सुऱ्या-काटे बाहेरून आत या क्रमाने, डावीकडची पावाची बशी आपली आणि उजवीकडचा ग्लास आपला. गोल टेबलावर एकाने चुकीची बशी घेतली की चूक पूर्ण वर्तुळ फिरते. सर्वांना वाढून होईपर्यंत थांबावे. कोट अंगावरच ठेवावा, टोपी काढावी, फोन टेबलावर ठेवू नये.

या रात्री लॉब्स्टर, बीफ वेलिंग्टन, गोगलगायी असे पदार्थ मिरवतात. शाकाहारी किंवा जैन जेवण तिकिटाच्या वेळीच नोंदवावे आणि चढल्या दिवशी हेड वेटरला भेटून पुन्हा सांगावे. तो आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू आणून दाखवतो, त्यातून निवड केली की स्वयंपाकघराला वेळ मिळतो. आयत्या वेळी सांगितले तर सॅलड आणि पास्ता यांवर रात्र निघते.

कॅप्टनचे स्वागत आणि कॅप्टनचे टेबल

पहिल्या फॉर्मल नाइटला जेवणाआधी बहुधा कॅप्टनचा स्वागत समारंभ असतो. एक पेला फुकट मिळतो, कॅप्टन अधिकाऱ्यांची ओळख करून देतो. कॅप्टनच्या बाहीवर बहुधा चार सोनेरी पट्ट्या असतात. हात पुढे करण्याची घाई करू नये: नोरोव्हायरसच्या पोटाच्या साथींमुळे अनेक कॅप्टनांनी हस्तांदोलन सोडले आहे, मान लववून नमस्कार पुरतो.

कॅप्टनच्या टेबलाचे आमंत्रण केबिनमध्ये कार्डाने येते. महागड्या केबिनमधले आणि कंपनीचे जुने प्रवासी त्यात जास्त असतात. येणार की नाही हे त्याच दिवशी फोनने कळवावे, कारण नकार आला तर दुसऱ्या कुणाला तरी ते द्यायचे असते. इथे गडद सूटवर न थांबता पूर्ण पोशाख करावा, ठरल्या वेळी ठरल्या बारमध्ये हजर व्हावे. संबोधन नुसते 'कॅप्टन'. 'तुम्ही इथे, मग जहाज कोण चालवतंय?' हा विनोद त्यांनी शेकडो वेळा ऐकलेला असतो. जहाज चालवण्याच्या कक्षात, म्हणजे ब्रिजवर, पहाऱ्याचा अधिकारी असतो.

जिन्याजवळ फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात. फोटो काढून घेणे फुकट, प्रत घेतली तरच पैसे. जेवणाआधीची गर्दी टाळायची तर जेवणानंतर जावे, पण तोवर लिपस्टिक आणि टाय दोन्ही ढळलेले असतात.

सैलावलेले नियम

२००० साली नॉर्वेजियन कंपनीने 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' आणून ठरलेल्या बैठका आणि पोशाखाची सक्ती दोन्ही काढली. सेलिब्रिटीने २०१५च्या अखेरीस फॉर्मल नाइट बंद करून इव्हनिंग शीक आणली, त्यात चांगली जीन्सही बसते. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर फॉर्मल नाइटच नाही. विमानाची २३ किलोंची मर्यादा हे यामागचे एक मोठे कारण. टक्सिडो, बूट आणि गाउन मिळून पाव बॅग सहज भरते. तरी पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे बनियन, टोपी आणि रबरी चपला यांना मुख्य डायनिंग रूममध्ये संध्याकाळी जवळपास कुठेच प्रवेश नाही. दाराशी हेड वेटर हळूच सांगतो, काही जहाजांवर उसना कोटही देतो.

शेवटच्या रात्री साधे कपडे असतात, कारण त्या रात्री दहा-अकराच्या आत बॅगा लेबल लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. घाईत सगळेच कपडे त्यात भरले जातात. मग सकाळी सातला काही प्रवासी नाइट गाउनवर किंवा टक्सिडोच्या पँटवर बनियन घालून बफेच्या रांगेत उभे दिसतात. एक जोडी कपडे, बूट, औषधे आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत आधीच काढून ठेवावे.