निलगिरीच्या फुलाची टोपी

निलगिरीच्या झाडाखालून जाताना खाली बघा कधीतरी, शंकूच्या आकाराच्या इवल्याशा टोप्या पडलेल्या असतात. आपण त्यांना बिया समजून तुडवत जातो, पण ती फुलाची झाकणं आहेत. निदलं (पाकळ्यांबाहेरचं हिरवं आवरण) आणि पाकळ्या एकमेकांना चिकटून त्यांचंच हे झाकण झालेलं असतं, कळी पिकली की ते निसटतं आणि आत मुडपून बसलेले ढीगभर पुंकेसर (पराग धरणारे तंतू) बाहेर फुलतात. म्हणजे आपण ज्याला फूल म्हणतो ती नुसती पुंकेसरांची झालर, पाकळ्या कधीच गळून पडल्या. 1777 मध्ये दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरून याचे नमुने गेले, त्यावरून 1788 मध्ये लेरितिए या फ्रेंच माणसाने युकॅलिप्टस नाव ठेवलं, ग्रीकमध्ये अर्थ 'नीट झाकलेलं'. (आपण सरळ डोंगराचंच नाव दिलं.)

खरी गंमत टोपी पडल्यावर. पराग लगेच तयार, पण त्याच फुलाची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, कच्ची! टास्मानियातल्या ग्लोब्युलस जातीत ती पिकून चिकट व्हायला चांगले काही दिवस जातात, तोवर त्या फुलाचे पराग बरेचसे संपलेले. पण झाडावर फुलं हजारो आणि सगळी एकदम उघडत नाहीत ना, त्यामुळे मधमाशी किंवा तिथला स्विफ्ट पोपट मकरंदासाठी या फांदीवरून त्या फांदीवर गेला की झालं, घरातल्या घरात सोयरीक, म्हणजे झाडाचे पराग त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलावर.

मग स्वतःच्या परागांवर दुसरा पहारा. कोबीचं फूल स्वतःचे पराग कुक्षीवरच अडवतं, निलगिरी तसं करत नाही, ती परागनळीला (परागातून फुटणाऱ्या नळीला) आरामात खाली अंडाशयापर्यंत येऊ देते आणि मग तिथे घोडं अडतं, बीजांडं कमी फळतात, फळलेल्यातली पण बरीच वाया जातात. इतक्या उशिरा का अडवायचं, मला तरी हे उधळपट्टीचं वाटतं. शिवाय पहारा ढिला आहे. एखादं झाड स्वतःच्या परागांवर जवळपास बीच धरत नाही, शेजारचं बिनधास्त धरतं. त्या बियांची रोपं उगवतात पण पुढे वाढीत मागे पडतात, म्हणून एकट्यादुकट्या झाडाचं बी लागवडीला घेऊ नये.

संकर करणारे लोक तर कुक्षी पिकायची वाटच बघत नाहीत. ग्लोब्युलसच्या फुलाचे पुंकेसर काढतात, कुक्षीवृंताचं (कुक्षीखालच्या दांडीचं) टोक कापतात, कापलेल्या जागी हवे ते पराग लावतात आणि वरून छोटी नळी बसवतात, म्हणजे गेलेल्या टोपीच्या जागी परत टोपीच.