विंचूदंश (कोकणातील)

कोकणपट्टीत माणसाच्या जिवावर बेतणारा विंचूदंश मुख्यतः लाल विंचवाचा असतो. काळी इंगळी आकाराने मोठी व दिसायला भयंकर, पण तिचे विष सौम्य असते. लाल विंचू चिऱ्यांच्या गडग्यांत, पेंढ्यात, कौलांखाली व लाकडाच्या ढिगात आढळतो.

वर्गीकरण : कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी १७९८ मध्ये लाल विंचवाच्या जातीचे वर्णन केले. पुढे ती ब्यूथस, मेसोब्यूथस अशी नावे बदलत गेली. २००७ मध्ये कोवाझिक यांनी तिचा समावेश हॉटेन्टोट्टा प्रजातीत केला. वैद्यकीय निबंधांत मात्र मेसोब्यूथस टॅम्युलस हे नाव त्यानंतरही दिसते. पोकॉक यांनी १९०० मध्ये कोकणातील विंचवाला ‘कॉन्कनेन्सिस’ असे स्वतंत्र नाव दिले होते. तो वेगळा प्रकार बहुधा मानू नये, असा अलीकडचा कल आहे. हा वाद केवळ नावापुरता नाही. प्रदेशागणिक विषाची घडण बदलत असेल, तर प्रतिविष (विषाचा प्रभाव नाहीसा करणारे औषध) कोठल्या विंचवांच्या विषापासून तयार केले यालाही महत्त्व येते.

विषक्रिया : विषातील लहान प्रथिने चेतातंतूंच्या सोडियम मार्गिका (सोडियम आयन आत येण्याच्या वाटा) उघड्या ठेवतात. सुरुवातीला दरदरून घाम, लाळ, उलट्या व पुरुषांत शिश्नताठरता दिसते; मागाहून कॅटेकोलअमाइनांच्या (अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांच्या) लोटाने हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो व फुप्फुसांत पाणी भरते. मृत्यू बहुधा याच टप्प्यावर येतो. याच विषातून १९९० मध्ये वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन पोटॅशियम मार्गिकांच्या अभ्यासात प्रयोगशाळांतून वापरले जाते.

उपचार : डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातील बिरवाडी येथे, पुढे प्रमिला बावस्कर यांच्यासह महाडला, रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. हृदयविकाराच्या पूर्वलक्षणांवरील निबंध १९८२ मध्ये, तर रक्तदाबावरील प्राझोसिन या गोळीच्या वापराबद्दलचा निबंध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ही गोळी रक्तवाहिन्या आवळण्याचा संदेश घेणाऱ्या आल्फा ग्राहींना रोखून आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण आधी २५ ते ३० टक्के होते, ते या उपचारानंतर एका टक्क्याच्या आसपास आले, असे बावस्कर नोंदवतात.

प्रतिविषाबाबत मतभेद आहेत. ट्युनिशियातील १९९९ च्या चाचणीत सरसकट प्रतिविष देण्याचा लाभ दिसला नाही. अमेरिकेतील २००९ च्या चाचणीत गंभीर बालरुग्णांना झाला. दोन्हीकडे विंचू निराळे. महाडच्या ७० रुग्णांच्या चाचणीत (‘बीएमजे’, २०११) दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण, प्रतिविष व प्राझोसिन ही दोन्ही औषधे दिलेल्या ३५ पैकी ३२ व केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ होते. चाचणी खुली होती, म्हणजे कोणाला कोणते औषध दिले हे लपवलेले नव्हते; रुग्णसंख्याही लहान. तरी कोकणातील विंचवापुरता हाच पुरावा अधिक जवळचा मानावा लागतो. प्रतिविष हाताशी नसेल तेथे प्राझोसिनची पहिली मात्रा लवकर देण्यावर भर असतो.

मंत्रतंत्राने विंचू उतरवण्याची प्रथा गावोगाव होती. पुष्कळ दंशांत नुसती वेदना होऊन ती आपोआप ओसरते, त्यामुळे उताऱ्याला यश मिळाल्यासारखे वाटे.