तरंगणारे इंधन आणि विरघळलेले इंधन: जुन्या कारखान्याच्या जागेवर दोन्ही कसे मोजायचे

बंद पडलेल्या कारखान्याची जागा विकायला निघाली की टाक्यांच्या कोपऱ्यात एखादी बोअर घेतली जाते. पाणी बाटलीत भरून उजेडात धरतात. तवंग नसला तर जागा चांगली. असला तर पंप लावून तेल उपसायचे आणि मोकळे व्हायचे. हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतात. जमिनीत गळलेले इंधन भूजलात दोन रूपांनी राहते. एक म्हणजे पाण्यावर तरंगणारे तेल. दुसरे म्हणजे त्या तेलातून पाण्यात उतरलेली बेंझीन, टोल्युइन, झायलीन ही द्रव्ये. तेल बहुधा गळतीच्या आसपास अडकून बसते, विरघळलेला भाग मात्र भूजलाबरोबर पुढे सरकतो आणि शेजारच्या विहिरीत पोहोचू शकतो.

आकड्यांत पाहू. शुद्ध बेंझीन एक लिटर पाण्यात सुमारे १,८०० मिलिग्रॅम विरघळते. आजच्या पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त १ टक्का असते, त्यामुळे पेट्रोलला टेकलेल्या पाण्यात ते त्याच हिशेबाने लिटरला १८ मिलिग्रॅमच्या आसपास थांबते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे नितळ दिसणारे पाणी मर्यादेच्या अठराशे पट दूषित असू शकते. नाकावरही भिस्त ठेवू नये: पाण्यातल्या बेंझीनचा वास १० मिलिग्रॅमच्या सुमारास जाणवतो, म्हणजे तोवर मर्यादा हजार पटींनी ओलांडलेली असते.

डिझेलचे गणित वेगळे. त्यात बेंझीन नगण्य, आणि जड घटक पाण्यात फारसे उतरत नाहीत. त्यामुळे डिझेलच्या जागेवर मुख्य डोकेदुखी तरंगणाऱ्या आणि मातीला चिकटलेल्या तेलाची, पेट्रोलच्या जागेवर विरघळलेल्या भागाची. म्हणून कोणत्या टाकीत काय होते, हे खोदकामाआधी कळायला हवे. स्फोटके व पेट्रोलियम सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. तिच्याकडून जुन्या परवान्यासोबतचा मंजूर नकाशा मिळाला तर टाकी, भरण्याचे तोंड, पाइपचा मार्ग आणि पंप यांच्या जागा कळतात. बोअर टाकीच्या मधोमध घेऊन उपयोग नाही; गळती बऱ्याचदा पाइपच्या सांध्यांतून आणि भरताना सांडण्यातून झालेली असते.

तरंगणारे तेल मोजायला दोन द्रव ओळखणारी मोजपट्टी लागते. बहुतेक बनावटींमध्ये तेल लागले की सलग आवाज येतो, पाणी लागले की तुटक. समजा, निरीक्षण विहिरीत, म्हणजे तपासणीसाठी घेतलेल्या बोअरमध्ये, केसिंगच्या (आतल्या पाइपच्या) तोंडापासून ४.२० मीटरवर तेल आणि ४.६० मीटरवर पाणी लागले. विहिरीतला थर ४० सेंटिमीटर झाला. पण आजूबाजूच्या मातीतही ४० सेंटिमीटर तेल आहे, असा अर्थ काढू नये. मातीच्या छिद्रांत तेल, पाणी आणि हवा वाटून राहतात. विहिरीची पोकळी मोकळी असल्याने तिथे सगळे तेलच साठते. माती जितकी बारीक, तितकी ही फसगत मोठी. चिकणमातीतल्या विहिरीत हातभर तेल असूनही उपसल्यावर ते आठवडे भरत नाही, कारण भोवती उपसण्याजोगे फारसे नसतेच. म्हणून एकदा तेल काढून थर किती वेळात परत भरतो हे मोजायचे. ‘जागेखाली इतके हजार लिटर तेल’ असे आकडे जाडी गुणिले क्षेत्रफळ करून काढलेले असतील, तर त्यांवर विसंबू नये.

याच वाचनात आणखी एक सापळा आहे. तेलाच्या वजनाने विहिरीतले पाणी खाली दाबले जाते, त्यामुळे ४.६० ही खरी पातळी नव्हे. पेट्रोलची सापेक्ष घनता ०.७५ धरली तर ०.४० गुणिले ०.७५ म्हणजे ०.३० मीटर वजा करायचे. खरी खोली ४.३० मीटर. भूजलाच्या प्रवाहाची दिशा किमान तीन विहिरींच्या पातळ्यांवरून ठरते. सपाट जागेवर ३० सेंटिमीटरची चूक दिशाच उलटी दाखवते, आणि मग विरघळलेल्या भागासाठीच्या विहिरी चुकीच्या बाजूला खोदल्या जातात.

आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. मुरमात आणि खुल्या थरात मे महिन्यात दिसणारे तेल ऑक्टोबरमध्ये गायब होते. पावसाने धुऊन नेले, असा अहवाल लगेच तयार होतो. प्रत्यक्षात पाणी वर आले आणि तेल मातीच्या छिद्रांत पाण्याखाली अडकले. पाणी उतरले की ते परत दिसते. दरवर्षीच्या या वर-खाली हालचालीने कित्येक मीटर जाडीचा पट्टा तेलाने माखतो, आणि विरघळणारी द्रव्ये तिथूनच पाण्यात उतरत राहतात. जिथे वर घट्ट कातळ किंवा लाल मातीचा थर आहे आणि पाणी फटींमध्ये दाबाखाली आहे, तिथे मात्र उलटेही घडते: पाणी चढले की विहिरीतला तेलाचा थर वाढतो. त्यामुळे एकाच ऋतूतले वाचन कामाचे नाही. निदान मे आणि ऑक्टोबर, दोन्ही हवेत.

निरीक्षण विहिरीच्या बांधणीत सर्वांत जास्त घोळ होतो तो जाळीच्या पाइपात. तेल पकडायचे तर जाळी उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या आणि पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीला ओलांडून जायला हवी. जाळी पाण्याखाली बुडालेली असेल तर वर तेल असूनही विहीर कोरी दाखवते. जाळी फार लांब ठेवली तर विरघळलेल्या द्रव्यांचे पाणी खालच्या स्वच्छ पाण्यात मिसळून पातळ होते. म्हणून टाकीजवळच्या विहिरी पातळी ओलांडणाऱ्या, आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे वेगवेगळ्या खोलीच्या आखूड जाळीच्या जोड-विहिरी. जाळीच्या वर निदान अर्धा मीटर बेंटोनाइट (पाण्याने फुगून फट बंद करणारी माती) भरायचे, नाहीतर आवारातले तेलकट पाणी केसिंगच्या कडेने थेट आत जाते.

कातळात डीटीएच रिगने (दाबाच्या हवेवर चालणाऱ्या खोदयंत्राने) बोअर घ्यायला हरकत नाही, पण तिने वर फेकलेल्या चुऱ्यात बेंझीन शोधू नका. दाबाची हवा ते उडवून लावते. मातीचा नमुना अखंड नळीत घ्यावा, त्यातली ५ ग्रॅम माती तिथल्या तिथे १० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये टाकावी. उरलेली माती झिपच्या पिशवीत दहा मिनिटे ठेवून आतली वाफ पीआयडी या वाफ मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने वाचली की कोणत्या खोलीचा नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा ते ठरते. दमट हवेत हे यंत्र कमी दाखवते, आणि डिझेलसाठी तर ते मुळातच आळशी आहे.

तवंग असलेल्या विहिरीतून विरघळलेल्या भागाचा नमुना घेऊ नये. बेलर (पाणी काढायला दोरीने आत सोडायची नळी) तेलातून जाताना थेंब सोबत आणतो. अहवालात बेंझीन ४० मिलिग्रॅम आले, तर १ टक्क्याच्या पेट्रोलसाठी ते विरघळण्यापलीकडचे आहे. बाटलीत तेल गेले, असे समजावे. बाकीच्या विहिरींतून मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या संथ गतीने पाणी काढायचे, सामू आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरायची आणि उलटी करून बुडबुडा नाही ना ते पाहायचे. कुपीत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, पण दख्खनच्या जड पाण्यात ते फेसाळते आणि त्या बुडबुड्यांत बेंझीन निघून जाते. तसे झाले तर आम्लाविना कुपी भरावी, ४ अंशांवर थंड ठेवावी आणि १४ ऐवजी ७ दिवसांत तपासून घ्यावी.

मागणीपत्रात नुसते ‘ऑइल अँड ग्रीस’ लिहू नका. त्या वजनी चाचणीत शेवटी द्रावक उडवतात, आणि त्याबरोबर पेट्रोलही उडते; पेट्रोलने भरलेल्या पाण्याचाही अहवाल जवळपास शून्य येऊ शकतो. पेट्रोलसाठी बेंझीन गटाची गॅस क्रोमॅटोग्राफी, आणि डिझेलसाठी कार्बनसंख्येनुसार वेगळे केलेले हायड्रोकार्बन व नॅफ्थलीन मागावे.